फुकट प्रोफाइल चेक करून स्कॉलरशिप सांगता येते का?

सातपूरकर: भाच्याला बाहेर एमबीए करायचंय, नाशिकला कॉलेज रोडच्या एका क्लासमध्ये फुकट प्रोफाइल चेक होतं म्हणून त्याला घेऊन गेलो. अंबडच्या कंपनीत चार वर्षं प्रॉडक्शनमध्ये आहे, जीमॅटला (बाहेरच्या एमबीएची प्रवेश परीक्षा), म्हणजे तिच्या नव्या पॅटर्नला, 655. मॅडमनी दहा मिनिटांत सांगून टाकलं की अमेरिकेत निम्मी फी माफ पक्की समजा, आणि लगेच त्यांच्या पॅकेजचा रेट. माझं मत, असं कोणीच सांगू शकत नाही. हार्वर्ड तर मेरिटवर पैसेच देत नाही, घरची ऐपत बघून देतं. जिथे मेरिटवर देतात तिथे तुम्ही त्यांच्या वर्गापेक्षा वरचढ हवे, कारण तुम्हाला घेऊन त्यांचे आकडे सुधारतात. वर्गाचा सरासरी स्कोअर बहुतेक कॉलेजं स्वतःच साइटवर टाकतात, तो बघून थोडं खालचं कॉलेज धरावं न् पैसे घ्यावेत.

गंगापूररोडवाला: पहिलं पटलं, शेवटचं अजिबात नाही. दोन वर्षांचा पगार सोडून जायचं आणि कॅम्पसला धड कंपन्याच येत नसतील तर ती फी माफी काय चाटायचीये? चांगल्या ठिकाणी कर्ज काढून जा, व्याजावर इन्कम टॅक्समध्ये आठ वर्षं सूट मिळते.

सातपूरकर: भाऊ, ती सूट इथल्या उत्पन्नावर, तीही जुनी करप्रणाली घेतली तर. पोरगं तिकडे नोकरीला लागलं तर काय कामाची? आणि तारण ठेवायचा फ्लॅट बहिणीचा आहे.

मखमलाबाद_नाका: एवढं लांब कशाला, एमबीए सीईटी द्या, मुंबईचं जमनालाल बजाज बघा. कॅपमधून, म्हणजे सरकारी प्रवेश फेरीतून लागलं आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर फीची सवलत पण आहे.

गंगापूररोडवाला: विषय बाहेरच्या कॉलेजांचा चाललाय हो.

पंचवटीकरीण: तुम्ही सगळे पैशावरच अडकलात, मुलगा तयार आहे का ते कोणी विचारलंच नाही. स्कोअर चांगलाय, नवीन 645 म्हणजे जुन्या 700 च्या आसपास, त्यामुळे क्लासवाले जुन्या आकड्यांशी तुलना करून घाबरवतील तर ऐकू नका. पण भारतातून इंजिनिअर मुलगे ढिगाने अर्ज करतात, त्यात हा वेगळा कशाने? लाइनवर काय बदललं, रिजेक्शन किती कमी केलं, कोणाला शिकवलं, हे त्याला स्वतःच्या तोंडाने सांगता येतं का बघा, येत नसेल तर यंदा थांबा. सप्टेंबरमध्ये अर्जांच्या पहिल्या राउंडला स्कॉलरशिपचे पैसे जास्त शिल्लक असतात म्हणून सगळे पळतात, पण कच्चा अर्ज टाकून काय मिळणार. आणि शिफारसपत्र! आपल्याकडे साहेब म्हणतात तूच लिही, मी सही ठोकतो. ते कळतं हो वाचणाऱ्याला, निबंध आणि पत्राची भाषा एकच असते.

गंगापूररोडवाला: ताई, वर्षभर थांबून तोच साहेब असेल ना पण. वय वाढतं, इकडे लग्नाचं बघायला लागतात. टाकावा अर्ज, फार तर नकार येईल.

सातपूरकर: खरी गोची साहेबांचीच आहे. पत्र मागितलं की राजीनाम्याचा वास लागणार न् इन्क्रिमेंट बोंबलणार, म्हणून तो विचारतच नाहीये.

पंचवटीकरीण: मग आधीचे साहेब किंवा ज्याने त्याचं काम जवळून बघितलंय असा कस्टमरकडचा माणूस. बरीच कॉलेजं चालवून घेतात, फक्त आत्ताच्या साहेबांचं का नाही हे अर्जात दोन ओळीत लिहायचं.