जुनी पेट्रोल गाडी ऑइल पितेय, इंजिन खोलायचं का?

जुनंइंजिन:
गाडी २ लाख किमीच्या पुढे गेलीये आणि हल्ली १००० किमीला जवळपास पाऊण लिटर ऑइल टॉपअप करावं लागतंय. खाली जमिनीवर एक थेंब पडत नाही. सकाळी पहिला स्टार्ट मारला की सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, अर्ध्या मिनिटात जातो, नंतर चालवताना काही दिसत नाही. पिकअप ठीक, ॲव्हरेजही तसंच आहे. एक मेकॅनिक म्हणतो पिस्टनच्या रिंग गेल्यात, इंजिन खोलावं लागेल, दुसरा म्हणतो जाड ऑइल टाका आणि चालवा. गाडी विकायची नाहीये, अजून काही वर्षं वापरायचीच आहे. कुणाचं ऐकू?

पानापक्कड:
घाई करू नका हो. ही लक्षणं मला रिंगपेक्षा व्हॉल्व्ह सीलची वाटतात. गाडी रात्रभर उभी राहिली की कडक झालेल्या सीलमधून ऑइल व्हॉल्व्हच्या दांडीवरून खाली झिरपतं, सकाळी तेवढं जळतं आणि धूर बंद. अजून एक बघा, लांब उतारावर ॲक्सिलरेटर सोडून गिअरमध्येच खाली या आणि मग परत ॲक्सिलरेटर द्या, मागे आरशात बघत राहा (कुणी शेजारी बसून बघितलं तर उत्तम), त्या क्षणी निळा लोट आला तर सीलवर संशय पक्का. आणि बऱ्याच इंजिनांत सील बदलायला हेड (व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनचा वरचा भाग) उतरवावं लागत नाही, स्पार्क प्लगच्या भोकातून हवेचं प्रेशर देऊन व्हॉल्व्ह वर धरून ठेवतात आणि काम करतात. म्हणजे पूर्ण इंजिन खोलण्याच्या मानाने फारच छोटं काम.

गॅरेजवाला२:
त्याच्याही आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेस म्हणजे इंजिनच्या खालच्या भागातला गॅस इनटेककडे, म्हणजे हवा आत जाण्याच्या वाटेकडे, सोडणारी झडप) बघा राव, लोक थेट रिंगवर जातात आणि हा छोटासा पार्ट कुणी बघतच नाही. तो चोक झाला की क्रँककेसमधलं प्रेशर कोंडतं आणि ऑइल मिळेल त्या वाटेने बाहेर ढकललं जातं, उघडा अडकला तर ऑइलची वाफ सरळ इनटेकमध्ये ओढली जाते. नळी काढून आत बोट फिरवा, चिकट ऑइलचा थर लागला तर तिथूनच सुरुवात करा. स्वस्तातलं काम आधी.

मंदगती:
पानापक्कड, सील असू शकतात पण धूर दिसत नाही म्हणून रिंग चांगल्या, असं धरू नका. थोडं थोडं ऑइल जळत असेल तर गरम कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेतला धूर साफ करणारा भाग) बराचसा धूर गिळून टाकतो. कॉम्प्रेशन टेस्टही (सिलिंडर किती प्रेशर धरतो ते मोजणं) इथे फसवते, कारण कॉम्प्रेशन वरच्या रिंगा धरतात आणि ऑइल खरवडणारी रिंग वेगळी असते, ती कार्बनमध्ये जाम झाली तरी रीडिंग छान येतं. जाड ऑइलचं म्हणाल तर मॅन्युअलमध्ये ज्या ग्रेड चालतात त्यातली सगळ्यात जाड टाका, त्याच्या पलीकडे जाऊ नका, व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग (व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलणारी यंत्रणा) असेल तर ती बहुतेक गाड्यांत ऑइलच्या प्रेशरवरच चालते. थोडा फरक पडेल, दोष तिथेच राहील.

आणि कृपा करून ऑइलच्या दिव्याची वाट बघू नका! तो बहुतेक गाड्यांत लेव्हलचा नसतो, प्रेशरचा असतो, पेटेपर्यंत बेअरिंगला इजा झालेली असू शकते. दर टाकी भरताना डिपस्टिक बघा, सपाट जागी, इंजिन बंद करून ५-१० मिनिटांनी. मॅक्सच्या वरही भरू नका, क्रँक ऑइल घुसळून फेस करतो.

जुनंइंजिन:
खूप आभार सगळ्यांचे. पीसीव्ही बदलला, जुना खरंच चिकटलेला होता, फरक कळायला अजून किमी व्हायचे आहेत. आज प्लगही काढून बघितले, ३ सिलिंडरचे कोरडे फिकट तपकिरी आणि एक काळाकुट्ट, ओला. म्हणजे त्या एकाच सिलिंडरचा सील?

पानापक्कड:
ओला नेमका कुठे आहे ते बघा. टोकाशी, इलेक्ट्रोडवर असेल तर ऑइल सिलिंडरच्या आतून येतंय, सील किंवा रिंग. पण वर पांढऱ्या चिनीमातीवर आणि आट्यांवरच ऑइल असेल तर टॅपेट कव्हरच्या (इंजिनवरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून प्लगच्या खड्ड्यात उतरतंय, ते वेगळंच आणि सोपं काम. आतून असेल तर त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन आधी कोरडं घ्या, मग चमचाभर ऑइल सोडून परत घ्या. रीडिंग चांगलंच वाढलं तर वरच्या रिंगा झिजल्यात. दोन्ही वेळा उत्तम आलं तर मंदगती म्हणतात तशी ऑइल रिंग जाम असायचीही शक्यता राहते, पण सकाळचा धूर बघता मी आधी सीलच बदलून घेईन.