सोलापूर सिव्हिलच्या नर्सिंगचे जुने बॅच फोटो: नावं जुळवायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या आवराआवरीत आईच्या पत्र्याच्या पेटीतून दोन फोटो निघाले. दोन्ही सोलापूर सिव्हिलमधल्या तिच्या ट्रेनिंगचे. एक कॅपिंगचा (शिकाऊ नर्सना टोपी देण्याच्या समारंभाचा), दुसरा पास-आउटचा. साल विचारलं तर म्हणते, "मेडिकल कॉलेज निघून चार-पाच वर्षं झाली असतील." कॉलेज १९६३ चं, म्हणजे पास-आउटचा फोटो १९६७-६८ च्या आसपासचा धरतेय.

त्यात मधल्या खुर्च्यांवर मेट्रन, ट्यूटर आणि दोन डॉक्टर बसलेत, मागे मुली उभ्या. खालच्या पुठ्ठ्यावर नावं छापलेली आहेत, पण उभ्या रांगेची अख्खी ओळ वाळवीनं खाल्लीय. खुर्चीवाल्यांची शाबूत! (साहेबांच्या वाटेला वाळवीसुद्धा जात नाही.) आई डावीकडून तिसरी. तिचा एक मोजा घसरून घोट्यावर आलाय आणि "फोटोवाल्यानं सांगायला नको का?" हा राग अजून गेलेला नाही.

चेहरे तिला सगळे ओळखता येतात, पण नावांऐवजी गावं येतात. ही बार्शीची, ती विजापूरची, ती कोपऱ्यातली अक्कलकोटची. अक्कलकोटची सुट्टीवरून येताना कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणायची. नाईट ड्युटी संपवून आलेल्या मुली अंघोळीआधीच डब्यावर तुटून पडायच्या. एवढं आठवतं, आडनाव नाही. जी दोन-चार आठवतात ती माहेरची, त्यामुळे फेसबुकवर शोधून काही हाती लागलं नाही. आईच्याच नर्सिंग कौन्सिलच्या सर्टिफिकेटवर माहेरचं नाव आहे आणि पेन्शनच्या कागदांवर सासरचं.

म्हणून विनंती. तुमची आई, मावशी, आत्या साधारण १९६५ ते ७० या काळात सिव्हिलला ट्रेनिंगला असेल तर घरातल्या पेट्या, माळे जरा बघा. या फोटोची कॉपी तेव्हा प्रत्येकीनं घेतली होती म्हणे. अख्खा फोटो नाही पाठवला तरी चालेल, खालच्या पुठ्ठ्यावरची नावांची पट्टी मोबाईलवर काढून पाठवा. माझं अर्धं काम तिथेच होईल.

दुसरी अडचण कॅपिंगच्या फोटोची. भिंतीच्या ओलीनं तो फ्रेमच्या काचेला चिकटलाय. एका दुकानदारानं "पाण्यात बुडवा, सुटतोय की" असं सांगितलं. पण आजोबांचा फोटो असाच ओढून काढताना चेहऱ्याचा थर काचेवर राहिला होता, त्यामुळे माझी हिंमत होत नाही. काचेसकट स्कॅन करायचा विचार आहे. फ्रेम काढून, काच पुसून ६०० डीपीआयला केला तर चेहरे नीट येतील का? कडांना चांदीसारखी चमक आलीय, ती स्कॅनमध्ये पांढरी उठते का? की दोन्ही बाजूंनी तिरपा उजेड देऊन कॅमेऱ्यानंच काढावा? कुणी केलं असेल तर सांगा. सोलापुरात असं काम जपून करणारं कुणी माहीत असेल तरी सांगा, मी फोटो घेऊन जाईन. कुरियरनं मात्र पाठवणार नाही.

नावं, फोन नंबर इथे उघड टाकू नका, व्यनि (खाजगी निरोप) करा. १२ मेच्या परिचारिका दिनाआधी निदान अक्कलकोटची तरी सापडावी, अशी आईची इच्छा आहे.