पोटातलं बाळ गेलं, बाळंतीण गेली: तुमच्या घरातलं लिहाल?

ऐरोलीकरीण
काल माळा आवरताना दुपटं सापडलं. सोळा वर्षं झाली. आठवा सरत आला होता, बाळ दोन दिवस हललं नव्हतं आणि मी "झोपलं असेल" म्हणत गौरीच्या पुरणात गुंतले. सोनोग्राफी करणारी बोलता बोलता गप्प झाली, तेव्हाच कळलं. तिसऱ्या दिवशी दूध आलं. ते येतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. घरात पुन्हा विषय नाही.

कळव्याची_मी
दुधाचं वाचून थांबले. आईने छातीला मोगऱ्याच्या कळ्या बांधल्या होत्या, दूध आटावं म्हणून. आजही गजरा नको वाटतो. कुकर झालाय, नंतर लिहिते.

मुरबाडचा_पावसाळा
आमची चुलती. वाडीवरून डोली करून डांबरीपर्यंत आणली, पोरगं तिथंच झालं, अंगावरून जाणं थांबेना. तेव्हा १०८ कुठली, ती २०१४ ला आली. पोरगं जगलं. आता घोडबंदरला रिक्षा चालवतं, ट्रॅफिकला शिव्या घालत.

आशाताई
घाईत. हालचाल कमी वाटली की त्याच दिवशी दवाखाना, उद्या नाही. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज असेल तर लगेच बीपी बघा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी फुकट असते. आणि बाळंतपणामुळे ४२ दिवसांत बाई गेली तरी तो माता मृत्यूच. आजीचा सव्वा महिना उगाच नव्हता!

वाशी_लोकल
ऑफिसात मला म्हणाले, बाळच नाही तर मॅटर्निटी रजा कसली. आठव्या दिवशी कामावर.

नौपाड्याचा_वकील
चूक सांगितलं तुम्हाला. १९६१ च्या मॅटर्निटीच्या कायद्यात 'मूल' म्हणजे मृत जन्मलेलंही धरलं होतं. संताप येतो.

बाबा_कोपरखैरणे
पालिकेत उपजत मृत्यूची नोंद करायला मीच गेलो. मुलगी की मुलगा विचारलं, नाव नाही विचारलं. आम्ही ठेवलं होतं.

ऐरोलीकरीण
काय ठेवलं होतं?

बाबा_कोपरखैरणे
सई.

कळव्याची_मी
🙏 छान नाव. दुपट्याचं काय केलंस गं?

ऐरोलीकरीण
माळ्यावर नाही ठेवलं. कपाटात, साड्यांच्या खाली.

ढोकाळीवाली
विषयांतर, पण मुरबाडवाले, भावाची रिक्षा शाळेच्या फेऱ्या करते का?

मुरबाडचा_पावसाळा
करतो की. खाजगी निरोप करा.