मदत हवी आहे: ब्लड बोल या अमेरिकन फुटबॉलसारख्या फँटसी बोर्ड गेममध्ये स्केव्हननी (उंदीरमाणसांच्या संघानं) टचडाउन, म्हणजे गोल, लगेच करावं की थांबून?

मंडळी, लीगमध्ये पुढचा सामना ड्वॉर्फ (बुटक्या, दणकट गड्यांच्या) संघाशी आहे. माझे स्केव्हन. नियम 2020 च्या आवृत्तीचे.

गटर रनर या माझ्या वेगवान गड्याची चाल 9 घरं, शिवाय फाशावर 2 किंवा जास्त (2+) पडल्यास एकेक करून आणखी दोन घरं. चेंडू नीट उचलला गेला तर दुसऱ्या टर्नला टचडाउन होऊ शकतं. पण मग आठ टर्नच्या हाफमधले सात टर्न ड्वॉर्फांकडे राहतात. ते केज (पिंजरा) बांधतात, म्हणजे चेंडूवाल्याच्या चारही कोपऱ्यांना एकेक गडी, आणि सावकाश पुढे सरकत माझे उंदीर एकेक करून आडवे करतात. आठव्या टर्नपर्यंत थांबावं, तर त्यांच्या ब्लॉकर्सकडे टॅकल हे कौशल्य असतं, म्हणजे त्यांच्या जवळून निसटताना डॉज कौशल्यामुळे मिळणारा री-रोल (फासा पुन्हा टाकायची संधी) गेला. तरी चाल 4 वाले ड्वॉर्फ मला गाठणार कसे, म्हणून माझा कल थांबण्याकडेच आहे. हे बरोबर वाटतं का?

दुसरं, केज फोडायचं कसं? त्यांच्या रनरकडे (चेंडू नेणाऱ्या गड्याकडे) शुअर हँड्स असल्याने स्ट्रिप बॉल, म्हणजे धक्का देऊन चेंडू पाडायचं कौशल्य, निकामी. गटर रनरला पहिलं कौशल्य रेसल द्यावं (दोघेही पडतील असा फासा आला तर दोघांनाही आडवं करणारं) की ब्लॉक (त्याच फाशावर आपला गडी उभा ठेवणारं)? ड्वॉर्फांविरुद्ध खेळलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.