मुंबईत नोकरी, गावात बिऱ्हाड: गाव कसं निवडावं?

धागाकर्ती

नवरा-बायको दोघं नोकरी करणारे, पदरात शाळकरी मुलं, जमलं तर आजी-आजोबा सोबत. मुंबईला आठवड्यातून तीन ते सहा दिवस जावं लागतं. अशा कुटुंबाने लोकलच्या टप्प्यातलं गाव कसं पारखावं, हे माहितगारांनी लिहावं. "हवा मस्त आहे" एवढ्यावर थांबू नका. कुठे काय बिघडतं आणि का, ते हवंय. शनिवार-रविवारच्या फार्महाऊसची चर्चा इथे नको.

डबल फास्ट

आधी स्टेशन ठरवा, मग गाव. सीएसएमटीहून कर्जत १०० किमी, कसारा १२१; चर्चगेटहून विरार ६०, डहाणू रोड १२४. जलद लोकलने कर्जतला साधारण दोन तास, नेरळ किंवा आसनगावला पावणेदोनच्या आसपास. त्यात दोन्ही टोकांची रिक्षा, चालणं आणि गाडीची वाट पाहणं धरलं की एका बाजूचे अडीच तास होतात. रोज जाणाऱ्याने स्टेशनपासून तीन किमीच्या पुढचं गाव घेऊच नये, असं माझं मत. आठवड्यातून दोन-तीनदा जाणाऱ्याला सात-आठ किमीही चालतात.

जिथून गाडी सुटते ते स्टेशन जवळ असणं फार मोलाचं. मध्य रेल्वेवर बदलापूर, कर्जत, खोपोली आणि दुसऱ्या फाट्यावर टिटवाळा, आसनगाव, कसारा. नेरळ, शेलू, वांगणीला सकाळी कर्जतहून आलेली गाडी बऱ्यापैकी रिकामी मिळते, बदलापूर-अंबरनाथला तीच भरते. त्यामुळे बदलापूरच्या पुढे राहणाऱ्याचा वेळ जास्त जातो, पण सकाळी बसून जाता येतं. संध्याकाळी उलटं. सीएसएमटी किंवा दादरला गाडी पकडणारा निभावतो; घाटकोपरला कर्जत फास्टमध्ये पाय ठेवायलाही जागा नसते. ऑफिस ऐरोली-घणसोलीकडे असेल तर ट्रान्स हार्बरने ठाण्याला येऊन पुढची गाडी बघा. ठाण्याहून सुटणाऱ्या कर्जत-कसारा गाड्याही आहेत, मोजक्याच.

कर्जतच्या पुढे खोपोलीपर्यंत एकेरी मार्ग आहे. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी ही गावं दिसायला सुरेख, पण एक गाडी चुकली की पुढची कधी हे वेळापत्रकात बघूनच भुला. कसारा फाट्यावर थानशीत आणि उंबरमाळी हे नुसते थांबे आहेत. रात्री उतरल्यावर रिक्षा मिळेल ही आशा नको.

शेवटची लोकल मुंबईहून किती वाजता सुटते हे सगळे विचारतात. स्टेशनवरून गावात जाणारी शेवटची शेअर रिक्षा किती वाजता, हे कुणी विचारत नाही. रात्री साडेनऊनंतर स्टँडवर स्वतः उभं राहून बघा. स्पेशल रिक्षाचे रोजचे पैसे धरले तर गावातलं स्वस्त भाडं महाग पडतं. दुचाकी ठेवणार असाल तर स्टेशनबाहेरच्या पार्किंगला छप्पर आहे का, रात्री माणूस असतो का, तेही पाहा.

पास त्रैमासिक काढा. तो मासिकाच्या तिप्पट नसतो, २.७ पट असतो. रविवारी मेगाब्लॉक असतोच, त्यामुळे पाहुणे बोलावण्याचा वार जपून ठरवा.

मे महिन्याचा टँकर

पाण्याबद्दल मी लिहितो. शहापूर तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे, मुंबईची तहान तिथून भागते, आणि त्याच तालुक्यातल्या कितीतरी गाव-पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. धरण जवळ म्हणजे नळाला पाणी, हा समज सोडा.

गावात जायचं तर मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, सकाळी सहाला. बाया हंडे घेऊन कुठे निघाल्यात ते पाहा. सरपंचाच्या उत्तरापेक्षा ते खरं. जलजीवन मिशनच्या (केंद्राच्या घरोघरी नळाच्या) योजनेत माणशी रोज ५५ लिटरचा हिशेब असतो. शहरी सवयीने राहणारं कुटुंब माणशी १३५ लिटर वापरतं. चार माणसांचे रोजचे ५४० लिटर झाले, म्हणजे दहा हजार लिटरचा टँकर जेमतेम अठरा दिवस पुरतो. बाग, गाडी धुणं वगैरे यात नाही. आणि टँकर घ्यायला घराशी तेवढी टाकी लागते, ती नसेल तर अर्धा टँकर पूर्ण पैशात घ्यावा लागतो.

"बोअर आहे" या दोन शब्दांवर समाधान मानू नका. आपल्याकडे काळा कातळ. पाणी भेगांमधून येतं. शेजारच्या बोअरला धो-धो पाणी आणि वीस फुटांवरचा कोरडा, हे नेहमीचं. मोटर सलग दोन तास चालवायला सांगा. अर्ध्या तासात धार तुटून हवा मारायला लागली, तर तो बोअर मे महिन्यात टिकणार नाही. डिसेंबरात केलेल्या या चाचणीला अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट शहरातले लोक बघत नाहीत: शोषखड्डा. जुलैत जमिनीतलं पाणी वर येतं, खड्डा पाणी शोषायचं थांबवतो आणि संडास तुंबतो. भातखाचराच्या पातळीवर बांधलेल्या घरांत हे हमखास होतं. घर जरा उंचवट्यावर हवं आणि खड्डा विहिरीपासून किमान ५० फूट लांब, उताराच्या खालच्या बाजूला.

वांगणी पलीकडे

पाण्याचा दुसरा चेहरा. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली होती, तो सगळा उल्हास नदीचा काठ. त्या पट्ट्यात आज बंगले आणि चाळी दोन्ही विकायला आहेत. पाटबंधारे खात्याची निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. प्लॉट कुठल्या रेषेत येतो ते नगररचना कार्यालयात विचारा. कागद मिळेपर्यंत गावातल्या जुन्या घराच्या भिंतीवर २००५ च्या पाण्याची खूण दाखवणारा म्हातारा शोधा, प्रत्येक गावात एक असतोच.

डोंगराच्या कुशीतलं घर फोटोत छान दिसतं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली, त्यानंतर तरी उतार, वरची जंगलतोड आणि पावसात नव्याने फुटलेले झरे बघूनच निर्णय घ्यावा. लहान मुलं असतील तर ओढा आणि धबधबा घरापासून किती लांब हेही मोजा. कर्जत-खालापूरच्या धबधब्यांवर पावसाळ्यात बंदीचे आदेश निघतात, ते उगाच नाही.

वीट भाजणाऱ्या भट्ट्यांबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. वासिंद, शहापूर, भिवंडीच्या बाजूला दिवाळीनंतर भट्ट्या लागतात आणि पावसापर्यंत धूर असतो. दम्याचं मूल असेल तर गाव फेब्रुवारीत, पहाटे, खिडकी उघडी ठेवून पाहा. पनवेल-उरणकडे हाच त्रास खडी क्रशरच्या धुळीचा.

बिनशेती

आता कागद. इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून सविस्तर.

शेतजमीन फक्त शेतकऱ्याला घेता येते. कुळकायद्याचं कलम ६३. मुंबईकराला "फार्म प्लॉट, अडीच गुंठे, सातबाऱ्यावर नाव" म्हणून जे विकतात, त्यात बहुधा एका मोठ्या सर्व्हे नंबरात पंधरा-वीस जणांची सामाईक नावं चढवलेली असतात. तुमचे अडीच गुंठे नेमके कुठले, हे सातबारा सांगत नाही. नाव चढलं म्हणजे प्लॉट मिळाला असं नाही. मागायचं ते असं: बिनशेती आदेश, मंजूर रेखांकनाचा नकाशा, त्यावर तुमच्या प्लॉटचा नंबर, आणि भूमी अभिलेख खात्याकडून मोजणीची 'क' प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा मोजणी नकाशा. आराखडा ५०० चौरस मीटरहून मोठ्या जमिनीवर असेल तर महारेराचा (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांकही.

सातबाऱ्यावर आधी 'इतर हक्क' वाचा. कूळ, बोजा (जमिनीवरचं कर्ज), वारसांची तक्रार, भूसंपादनाचा शेरा, सगळं तिथे असतं. भोगवटादार वर्ग २ (सरकारी अटींवर दिलेली जमीन) असेल तर परवानगीशिवाय विक्री नाही. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ खाली जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. कर्जत, शहापूर, पालघर, डहाणूत अशी जमीन भरपूर आहे आणि "आपण करून देतो" म्हणणारे दलालही. सगळे जुने फेरफार (नावबदलाच्या नोंदी) काढा, तीस वर्षांच्या मालकीचा शोध वकिलाकडून घ्या.

गावठाणातलं घर घेताना ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा दाखवतात. तो घरपट्टीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड) मागा. बँका गावठाणातल्या जुन्या घराला किंवा नुसत्या ग्रामपंचायतीच्या परवानगीवर बांधलेल्या इमारतीला कर्ज द्यायला नाखूष असतात. "कॅश द्या, स्वस्त लावतो" यामागे पुष्कळदा हेच कारण. म्हणून कर्ज घ्यायचं नसलं तरी एका बँकेच्या वकिलाकडून कागद तपासून घ्या, तेवढी फी सार्थकी लागते.

आणि रस्ता. प्लॉटपर्यंतचा रस्ता नकाशावर आहे की शेजाऱ्याच्या बांधावरून जातो? दुसऱ्या प्रकारात शेजारी बदलला की तुमची गाडी बाहेर.

सव्वादहाची घंटा

शाळेचं. गावातली जिल्हा परिषद शाळा चौथी-पाचवीपर्यंत चांगली असू शकते. पट किती, शिक्षक किती हे विचारा. दोन शिक्षकांकडे चार वर्ग असतील तर एका खोलीत दोन इयत्ता बसतात. इंग्रजी माध्यमाची शाळा असेल तर तिचा यूडायस क्रमांक (शाळेचा ११ आकडी सरकारी ओळख क्रमांक) मागून घ्या. शिक्षण विभाग दरवर्षी अनधिकृत शाळांची यादी काढतो, तीही चाळा. मुलगा पहिलीत असताना दहावीनंतरचं पाहा: विज्ञान शाखेचं कॉलेज कुठे, तिथली एसटी किती वाजता? पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत मिळतो, पण पास असून बस नसेल तर उपयोग काय.

खरी अडचण वेगळीच. शाळा सुटते पाचला, आईबाबांची लोकल येते साडेआठला. गावात पाळणाघर नसतं. आजी-आजोबा सोबत नसतील तर या साडेतीन तासांची सोय आधी लावा, बाकी सगळं नंतर.

धागाकर्ती

हे महत्त्वाचं. दवाखान्याचं आणि विजेचं कुणी सांगेल का? पश्चिम रेल्वेवाले गप्प का?

सफाळे शटल

गप्प नाही, गाडीत होतो.

विरारच्या पुढे वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर. लोकल २०१३ पासून डहाणूपर्यंत जाते, पण फेऱ्या मर्यादित. मेमू, एक्सप्रेस आणि मालगाड्या याच रुळांवर, त्यामुळे लोकल बाजूला उभी राहते. रुळांचं चौपदरीकरण पूर्ण होईपर्यंत हे असंच. बोरिवली-अंधेरीला ऑफिस असेल तर सफाळे-केळवे पट्टा जमतो. चर्चगेटला रोज जाणाऱ्याने नाद सोडावा. वाड्यांची गावं, नारळ-पानवेली, माणसं चांगली. किनाऱ्याजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, टीडीएस मीटर (पाण्यातले क्षार मोजणारं) खिशात ठेवा. डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या छोट्या धक्क्यांची मालिका सुरू झाली होती. तिथे विटांच्या बिनकॉलमच्या जुन्या घरात राहू नका. वाढवण बंदराच्या नावाने जमिनीचे भाव सांगणाऱ्याकडे मात्र हसून बघा.

मांडवा जेट्टी

उरण मार्गावर जानेवारी २०२४ पासून लोकल थेट उरणपर्यंत आहे, पण दोन गाड्यांत अंतर बरंच आणि रस्त्यावर कंटेनर. मांडव्याकडे रो-रो (गाड्याही नेणारी बोट) भाऊच्या धक्क्याहून साधारण तासाभरात पोचते. गेटवेच्या लाँचा पावसाळ्यात बंद, रो-रो हवामानावर. जून ते ऑगस्ट घरून काम करायची मुभा असेल तरच.

उपकेंद्र

दवाखाना: प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तीनच प्रश्न. डॉक्टर रात्री मुक्कामी असतात का? सर्पदंशावरच्या प्रतिविषाच्या आत्ता किती बाटल्या आहेत? १०८ ची गाडी कुठून येते? कर्जत आणि शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, म्हणून गाव तिथून वीस-पंचवीस मिनिटांत असावं. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि जखम जवळजवळ दिसत नाही. गावात पलंग आणि मच्छरदाणी ही चैन नव्हे. घोणस भातकापणीच्या वेळी, लाकूडफाट्यात.

वीज: पावसाळ्याच्या पहिल्या वादळात दोन-दोन दिवस जाते, कारण तारा झाडांमधून जातात. १५० एएचची एक बॅटरी दोन पंखे, चार दिवे आणि वायफाय रात्रभर कसंबसं चालवते. पाण्याचा पंप चालवत नाही. म्हणून टाकी छतावर, आणि वीज असताना भरलेली. मोबाईलची रेंज घराच्या आत, दार लावून, संध्याकाळी आठला तपासा.

डबल फास्ट

एक भर. पनवेल-कर्जत नव्या मार्गावर चिखले, मोहोपे, चौक ही स्टेशनं आहेत. गाडी नियमित धावताना दिसेपर्यंत तिच्या भरवशावर घराचा हप्ता सुरू करू नका.

बिनशेती

आणि विकत घ्यायची घाई नको. ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स (भाड्याचा) करार करा, एप्रिलपासून, म्हणजे मे आणि जुलै दोन्ही त्यात येतात. करार नोंदवलेलाच हवा. "गावात कोण नोंदवतं" असं मालक म्हणाला तर त्याला विचारा, घरपट्टी कुणाच्या नावावर आहे.