‘ॲक्सेस’ला काय म्हणावं? प्रवेश, वहिवाट, निस्तार?

कालवं: मालवणच्या सागरी अभयारण्यावरचं एक टिपण मराठीत आणतेय. १९८७ची घोषणा, २९.१२ चौ. किमी. क्षेत्र, त्यात पद्मगडाजवळचा ३.१८ चौ. किमी.चा गाभा, हे सगळं सरळ उतरलं. अडलं ते ‘फेअर पब्लिक ॲक्सेस’पाशी. ‘सर्वांना न्याय्य प्रवेश’ असं लिहून आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “प्रवेश पावण्यांक देतत. आमी थयलेच मा?” लहानपणापासून ती सुकतीला, पाणी ओसरलं की, खडपात कालवं फोडायला जाते. कोयतीची मूठ झिजून तिच्याच हाताच्या आकाराची झालीय. ‘प्रवेश’ लिहवत नाही आता.

शब्दवेध: परिभाषेत ‘अभिगम’ आहे की. नेमका आणि संस्कृतोद्भव.

दर्यावर्दी: अभिगम कोणत्या बंदरावर ऐकलात? ‘वहिवाट’ घ्या. कोकणात वाटेवरनं, विहिरीवरनं पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झाली ती याच शब्दावर. वापरून वापरून पडलेला हक्क.

शब्दवेध: वहिवाट जमिनीची, एका घराची. समुद्र कुणाच्या सातबाऱ्यावर नाही.

झाडीपट्टी: आमच्याकडे ‘निस्तार’ म्हणतात. सरपण, चराई, बांबू, गावाच्या गरजेपुरतं. जुन्या मध्य प्रांतापासून निस्तारपत्रकं आहेत. २००६च्या वनहक्क कायद्यातही निस्तार आहे, आणि पाण्यातल्या मासळीवरचा सामूहिक हक्कही.

कालवं: निस्तार आवडला. पण मालवणात कुणाला कळणार? साधं ‘वावर’ चालेल?

झाडीपट्टी: वावर म्हणजे आमचं शेत!

दर्यावर्दी: मुळात नुसत्या जाण्यायेण्याला न्याय म्हणायचं का? पैसे भरून पर्यटकही पाण्यात उतरतो. रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायला, जितके हात, तितक्यांना वाटा. पाणीवाटपाच्या चळवळीने ‘समन्यायी’ शब्द रुजवला तो वाट्यासाठीच. यांत्रिक बोटीतून मोठ्या जाळ्याचा घेर टाकणारा पर्ससीनवाला एका फेरीत थवाच्या थवा उचलून नेतो, तेव्हा रापणकराला किनारा मोकळा असून काय उपयोग?

शब्दवेध: मान्य. पण मग ‘अभयारण्या’वर कुणीच का बोलत नाही? ‘अरण्य’ हा ‘अरण’वरून आला, म्हणजे दूरचं, परकं. गावाबाहेरचा मुलूख. घरासमोरच्या दर्याला अरण्य म्हटलं, तिथेच तो परका केला.

दर्यावर्दी: व्युत्पत्तीने माणसं हटत नाहीत, अधिसूचनेने हटतात.

शब्दवेध: अधिसूचना शब्दांतच लिहितात ना!

अष्टागर: जरा बाजूला जातेय. कालवंताई, ‘सुकती’ वाचून बरं वाटलं. आम्हीही ओहोटी म्हणत नाही. अष्टमीच्या सुमाराच्या मंद भरतीला आम्ही ‘भांग’ म्हणतो. तुमच्याकडे?

कालवं: भांगच. भांगाला खडप पुरतं उघडं पडत नाही, म्हणून आई अवस-पुनवेची वाट बघते.