मोठ्या बोअरची जुनी रिव्हॉल्व्हर: खरंच टिकाऊ, की आपला लाडका समज?

जुनं_पोलाद:
माझं मत ठाम आहे. हातात धरायच्या बंदुकांत मोठ्या बोअरच्या, म्हणजे नळीचं छिद्र मोठं असलेल्या, रिव्हॉल्व्हरइतकं टिकाऊ काही नाही. कोल्टची सिंगल ॲक्शन आर्मी १८७३ सालची, आणि त्याच रचनेच्या नव्या बंदुका आजही बनतात. पॉइंट ४५५ ची (हे आकडे बोअरचे, इंचात) वेब्ली १८८७ मध्ये ब्रिटिश सैन्यात आली आणि दोन्ही महायुद्धांत वापरली गेली.
परवा मित्राची जुनी पॉइंट ४४ मॅग्नम हाताळली. होल्स्टरला घासून नळीच्या टोकाचा निळा रंग पार उडालाय, मुठीचं लाकूड गुळगुळीत झालंय. घोडा मागे ओढला की काडतुसांचं चक्र फिरतं आणि टक्कन बसतं. बार उडाला नाही तर पुन्हा चाप ओढा, पुढचं काडतूस हजर. आपोआप भरणाऱ्या पिस्तुलात स्प्रिंग, मॅगझिन आणि काडतुसाचा जोर यांचं जमावं लागतं. इथे चक्र आपलं बोट फिरवतं, त्यामुळे काडतूस हलकं असो की जड, तिला फरक पडत नाही.

निशाणी_पक्की:
फरक पडतो, चांगलाच पडतो. तुम्ही ज्या बघताय त्या उरलेल्या बंदुका. ज्या झिजल्या, फुटल्या, त्या कधीच भंगारात गेल्या. त्यांचं कौतुक करायला कोण बसलंय?
स्मिथ अँड वेसनच्या मॉडेल २९ चंच घ्या, पॉइंट ४४ मॅग्नमची पहिली बंदूक, १९५५ ची. पुढे धातूच्या सिल्युएटवर, म्हणजे प्राण्यांच्या आकाराच्या पत्र्यांवर, नेम धरणारे नेमबाज तिच्यातून जड काडतुसं हजारोंनी उडवू लागले, तेव्हा धक्क्याने चक्राला जागेवर अडकवणारी खिट्टी सुटून चक्र उलटं फिरायचं. पुन्हा चाप ओढला की घोडा रिकाम्या पुंगळीवर! १९८० च्या दशकाच्या अखेरीस कंपनीला आतले भाग सुधारावे लागले.
आणि पुंगळ्या बाहेर काढणाऱ्या तारकेखाली न जळलेल्या दारूचे चार कण अडकले तरी चक्र जड होतं. हे मी स्वतः अनुभवलंय, ऐन स्पर्धेत.

कानस:
दुरुस्तीचं काम करतो म्हणून लिहितो. तुम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलताय. फ्रेम आणि नळी म्हणजे नुसतं पोलाद, ते पिढ्यान् पिढ्या जातं. आतली यंत्रणा मात्र घड्याळासारखी आहे, आणि झिजते ती तीच.
झीज ओळखायची कशी? बंदूक रिकामी करा, दोनदा बघा. मग चक्रावर बोट हलकंसं टेकवून घोडा अगदी सावकाश मागे ओढा. घोडा अडकायच्या आत खिट्टी खाचेत बसली पाहिजे. असं चक्रातल्या प्रत्येक घराचं (काडतुसाच्या भोकाचं) बघायचं, एका घरावर निकाल देऊ नका. नंतर उजेडासमोर धरून चक्र आणि नळी यांच्यातली फट बघा. ती साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर असावी. चक्र पुढे-मागे हलत असेल, तर प्रत्येक बाराला ते फ्रेमवर आदळतंय. फटीच्या वर फ्रेमवर ज्वाळेने कोरलेली बारीक रेघ दिसली म्हणून घाबरू नका, ती बहुधा थोडी वाढून थांबते.
जुनेपणापेक्षा दाब जास्त महत्त्वाचा. पॉइंट ४५ कोल्टचा कमाल दाब दर चौरस इंचाला १४ हजार पौंड, पॉइंट ४४ मॅग्नमचा ३६ हजार. पहिलीने शतक गाठलं म्हणून दुसरीही गाठेल, हा हिशेब चुकतो. वेब्लीच्या बाबतीत तर याचं वाईट वाटतं. युद्धानंतर कितीतरी वेब्लींची चक्रं मागून तासून पॉइंट ४५ एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसाला बसवली. त्या काडतुसाचा दाब मधोमध दुमडून उघडणाऱ्या त्या बिजागरीच्या फ्रेमसाठी नव्हताच.

निशाणी_पक्की:
हेच म्हणत होतो. आणि जुन्या सिंगल ॲक्शनमध्ये, जिथे दर बाराला घोडा हाताने मागे ओढावा लागतो, सहा घरं असून पाचच भरायची, कारण घोडा थेट काडतुसावर टेकलेला. खाली पडली तर बार उडायचा. रुगर कंपनीने १९७३ मध्ये घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये, चाप ओढल्यावरच वर येणारी पट्टी घालून ते सोडवलं. ज्या रचनेचं एक घर भीतीपोटी रिकामं ठेवावं लागतं, तिला मी निर्दोष म्हणणार नाही.

जुनं_पोलाद:
निर्दोष मी म्हटलंच नव्हतं, टिकाऊ म्हटलं. भाग झिजला तर बदलता येतो, आणि फ्रेम शाबूत असेल तर बंदूक पुन्हा उभी राहते. माझ्या लेखी टिकाऊपणा तोच.
मात्र कानस यांनी सांगितलं तसं मित्राची बंदूक आज तपासली. पाच घरं नीट बसली. सहाव्याला घोडा अडकला तरी खिट्टी खाचेच्या केसभर अलीकडेच. बोटाने ढकलल्यावर बसली. तीन वेळा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच घर. मित्राला सांगितलंय, दुरुस्त होईपर्यंत एकही बार नाही.